७ डीबी, पण कशामागे?

बीईच्या प्रोजेक्टचा पहिला ग्राफ निघाला तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. प्रोजेक्ट म्हणजे मॅटलॅबमध्ये डिजिटल सिग्नल पाठवायचा, वाटेत नॉइज मिसळायचा आणि किती बिट्स चुकतात ते मोजायचं. क्यूपीएसके (बिट्स सिम्बॉलमध्ये बांधून पाठवायची एक पद्धत), सिम्बॉलमागे ८ सॅम्पल, म्हणजे प्रत्येक सिम्बॉल ८ आकड्यांनी दाखवलेला, दोन्ही टोकांना रूट रेझ्ड कोसाइन फिल्टर, मध्ये नॉइज. थिअरीची निळी रेघ आणि तिच्यावर माझे लाल ठिपके यायला हवे होते. ठिपके आले, पण रेघेच्या डावीकडे, सरळ ६ डीबी अलीकडे. (डीबी म्हणजे डेसिबल, पॉवर किती पट ते सांगायचं माप: ३ डीबी म्हणजे दुप्पट, १० डीबी म्हणजे दहापट.) ४ डीबीला थिअरीप्रमाणे १० लाख बिट्समध्ये साधारण १२,५०० चुकतात. माझे चार चुकले होते. मला वाटलं, फिल्टर फारच छान जमला. रूममेटला हलवून उठवलं आणि दाखवला.

हा ग्राफ का खोटा होता हे कळायला मला तीन आठवडे लागले. तुमचे ते तीन आठवडे वाचावेत म्हणून हे लिहिते आहे. एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगते: चुका दुरुस्त करणारं कोडिंग नसलेल्या साध्या क्यूपीएसकेचा कर्व्ह थिअरीच्या डावीकडे जाऊच शकत नाही. गेला तर तुम्ही काही शोधलेलं नाही. कोडमध्ये चूक आहे. ग्राफ कुणाला पाठवू नका, कोड उघडा.

थोडं माझ्याविषयी. मी लातूरकडची. दहावीनंतर डिप्लोमा, मग डायरेक्ट सेकंड इयरला पुण्यात ई अँड टीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम). एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, आणि सिग्नल्स अँड सिस्टिम्स, दोन्हींत के.टी. लागली. डिप्लोमाला ट्रेनर किटवर पॅच कॉर्ड खोचून सीआरओवर एन्व्हलप बघितलेला असतो. इकडे पहिल्याच आठवड्यात फळ्यावर कन्व्होल्यूशनचं इंटिग्रल येतं आणि शेजारच्या बाकावरची मुलं मान डोलावत असतात. ती भीती मला अजून आठवते. तुम्हाला आत्ता तसं होत असेल तर घाबरू नका, हे बसतं. कन्व्होल्यूशन म्हणजे पलटवा, सरकवा, गुणा, बेरीज करा. कागदावर पाच-पाच आकड्यांची वीस उदाहरणं हाताने केली की अंगात मुरतं. व्हिडिओ बघून मुरत नाही.

एएम-एफएम फारसं छळत नाही. एफएम स्टेशनला किती बँडविड्थ, म्हणजे किती रुंद फ्रिक्वेन्सीचा पट्टा लागतो, हे सांगणारा कार्सनचा नियम सगळ्यांना पाठ असतो: ७५ किलोहर्ट्झ डेव्हिएशन अधिक १५ किलोहर्ट्झ ऑडिओ, त्याची दुप्पट, १८०. पण तो एकदा डोळ्यांनी बघा. आरटीएल-एसडीआरचा डोंगल (यूएसबीवर चालणारा रेडिओ रिसीव्हर) लॅपटॉपला लावा, पुण्यात असाल तर १०१ मेगाहर्ट्झला विविध भारती लावा आणि स्पेक्ट्रमकडे बघत बसा. निवेदिका दोन वाक्यांच्या मध्ये थांबली की पट्टा आक्रसतो, गाणं सुरू झालं की अंग पसरतो. याच कार्सनने १९२२ साली गणिताने दाखवलं होतं की एफएम करून बँडविड्थ वाचत नाही. ते बरोबरच होतं. पण एफएम रेडिओचा जनक आर्मस्ट्राँग याने वाचवायचा नादच सोडला, १९३३ च्या पेटंटमध्ये बँडविड्थ मुद्दाम जास्त वापरली आणि त्या बदल्यात खरखर घालवली. हा सौदा ध्यानात ठेवा, पुढे लागेल. (डोंगलने फक्त ऐका. ट्रान्समिट करायची हौस असेल तर आधी हॅमची (हौशी रेडिओची) परीक्षा द्या. लायसन्सशिवाय हवेत सिग्नल सोडणं हा गुन्हा आहे.)

आता मूळ मुद्दा.

मंडईत कुणी "वांगी वीस" म्हणालं की आपली आई पहिल्यांदा काय विचारते? पाव की किलो. ते कळल्याशिवाय ती पिशवी पुढे करत नाही. डीबीचंही तेच आहे. एसएनआर म्हणजे सिग्नल नॉइजच्या किती पट. "एसएनआर ७ डीबी" या वाक्याला अर्थच नाही, जोपर्यंत तो कशामागे हे सांगितलेलं नाही. सॅम्पलमागे? सिम्बॉलमागे? बिटमागे? हे तीन वेगळे भाव आहेत आणि तिघांनाही आपण डीबीच म्हणतो.

पुस्तकातल्या ग्राफच्या आडव्या अक्षावर ईबी बाय एन-नॉट असतं, म्हणजे एका बिटची एनर्जी भागिले नॉइजची घनता. तो बिटमागचा भाव. मॅटलॅबमधलं नॉइज मिसळणारं एडब्ल्यूजीएन फंक्शन तुमच्याकडून एसएनआर मागतं, तो सॅम्पलमागचा भाव. मी काय केलं? अक्षावरचे आकडे, ०, १, २, ३, तसेच उचलून त्या फंक्शनला दिले. एरर नाही, वॉर्निंग नाही, कोड सुरळीत चालला. म्हणूनच हा सापळा वाईट. कंस बंद करायला विसरलात तर निदान कुणीतरी ओरडतं.

आता हिशोब बघा. सावकाश वाचा, शक्यतो पेन घेऊन. सोपं जावं म्हणून रूट रेझ्ड कोसाइनऐवजी चौकोनी पल्स धरू. एका सिम्बॉलची ८ सॅम्पल आहेत आणि रिसीव्हरचा मॅच्ड फिल्टर ती आठही एकत्र करतो. सिग्नल आठही सॅम्पलमध्ये एकाच दिशेला असतो, म्हणून त्याचं अँप्लिट्यूड आठपट होतं, म्हणजे पॉवर ६४ पट. नॉइज प्रत्येक सॅम्पलमध्ये स्वतंत्र, एक वर तर दुसरा खाली, त्यामुळे त्याची पॉवर फक्त ८ पट वाढते. ६४ भागिले ८ म्हणजे ८. निव्वळ फायदा ८ पट, ९ डीबी. म्हणजे सॅम्पलमागे ४ डीबी दिलेत तर सिम्बॉलमागे ते १३ डीबी झाले.

पुढची पायरी. क्यूपीएसकेच्या एका सिम्बॉलमध्ये २ बिट्स असतात. सिम्बॉलची एनर्जी दोघांत वाटली जाते, बिटमागे निम्मी येते, ३ डीबी कमी. १३ वजा ३, १०. अक्षावर मी ४ लिहिलं होतं आणि माझे बिट्स प्रत्यक्षात १० डीबीच्या ऐषारामात प्रवास करत होते. १० डीबीला १० लाखांत साधारण चारच बिट्स चुकतात. माझे चार चुकले होते! थिअरी मी मोडली नव्हती, तंतोतंत पाळली होती. फक्त भलत्याच भावाने.

पण हे मी तेव्हा शोधलं नाही. मी त्याहून वाईट केलं. वर्गातला एक जण म्हणाला, "एक्स्टर्नल फक्त दोन्ही रेघा जुळतात का ते बघतात." मी कोडमध्ये एक ओळ घातली: एसएनआर बरोबर ईबी बाय एन-नॉट वजा ६. ठिपके अगदी रेघेवर जाऊन बसले. गाइडनी रिपोर्ट चाळला, ग्राफ बघितला, सही केली. तो ६ कुठून आला हे कुणीच विचारलं नाही. या गोष्टीचा मला अजूनही राग आहे, आणि त्यातला बराचसा माझ्यावरच आहे.

दुसऱ्या टप्प्यात १६-क्वॅम करायचं होतं, बिट्स सिम्बॉलमध्ये बांधायची दुसरी एक पद्धत. तोच कोड, फक्त मॅपिंग बदललं. या वेळी ठिपके रेघेच्या उजवीकडे, ३ डीबी पलीकडे. दोन दिवस मी ग्रे कोडिंग तपासलं, फिल्टरचा रोल-ऑफ बदलून बघितला, डिले एक-एक सॅम्पल सरकवला. ६ च्या जागी ३ घातले असते तर हाही ग्राफ जुळला असता, आणि तो मोह मला झालाही. पण एकच चॅनल, एकच फिल्टर आणि दोन वेगळे जादूचे आकडे? तिथे मात्र मनाला पटेना.

लॅबमध्ये एम.ई. करणारी एक ताई बसायची. तिला कोड दाखवला. तिने स्क्रीनकडे दहा सेकंद बघितलं असेल.

"सिम्बॉलमागे सॅम्पल किती?"

"आठ."

"मग हा सहा कुठला?"

मी गप्प.

"उत्तर मी सांगणार नाही. कागद घे. एका बिटपासून सुरू कर आणि एका सॅम्पलपर्यंत ये."

तिने पेन माझ्या हातात दिलं आणि चहाला निघून गेली. ती परत आली तेव्हा कागदावर सगळं उतरलं होतं: ८ सॅम्पलचे ९ वर, २ बिट्सचे ३ खाली, म्हणून ६. आणि १६-क्वॅमला सिम्बॉलमध्ये ४ बिट्स, म्हणून ६ खाली, ९ वजा ६ म्हणजे ३. क्यूपीएसकेसाठी वजा केलेले ६ मी क्वॅमलाही लावले, जिथे ३ च हवे होते, आणि ठिपके नेमके ३ डीबी उजवीकडे गेले. त्या अर्ध्या पानाने मला सेकंड इयरच्या दोन सेमिस्टरहून जास्त शिकवलं.

म्हणून मेंटॉरबद्दल माझं मत पक्कं आहे. जो लगेच उत्तर देतो किंवा आपला जुना कोड पाठवतो, त्याचे आभार माना, पण त्याच्या मागे लागू नका. तुमच्या कोडमधल्या एका आकड्यावर बोट ठेवून "हा कुठून आला" असं विचारणारा माणूस शोधा. तो प्रोफेसरच असेल असं नाही. लॅब असिस्टंट असेल, सीनियर असेल, तुमच्याहून एक वर्ष लहानही असेल.

आणि रेडीमेड प्रोजेक्ट घेऊ नका. पुण्याच्या तपकीर गल्लीत इलेक्ट्रॉनिक्सचे पार्ट्स घ्यायला जरूर जा, हाताला सोल्डरिंगचे चटके बसू द्या, पण रिपोर्टसकट तयार डबा उचलून आणू नका. मॅटलॅबसोबतच्या सिम्युलिंकमधल्या तयार ब्लॉक्सबद्दलही मी जरा कडवी आहे. पहिल्या सहा महिन्यांत ब्लॉक ओढून जोडू नका, नॉइज स्वतः रँडम नंबरमधून तयार करा. तेव्हाच कळेल की कॉम्प्लेक्स नॉइजची पॉवर आय आणि क्यू या त्याच्या दोन भागांत निम्मी-निम्मी वाटावी लागते. दोन्हीकडे पूर्ण दिलीत तर आणखी ३ डीबी गेले. तयार फंक्शन वापरायचंच असेल तर त्याला "मेझर्ड" सांगायला विसरू नका, नाहीतर ते तुमच्या सिग्नलची पॉवर १ वॉट धरून चालतं.

बिट्सच्या संख्येत कंजुषी तर अजिबात नको. ९.६ डीबीला लाखात एक बिट चुकतो. १०,००० बिट्स पाठवून "शून्य चुका" असं लिहिणाऱ्याने काहीच मोजलेलं नसतं. प्रत्येक ठिपक्याला निदान १०० चुका जमेपर्यंत थांबा, लॅपटॉप रात्रभर चालला तरी चालेल.

हे सगळं नुसतं सिम्युलेशनपुरतं आहे असं समजू नका. त्याच तीन आठवड्यांत माझा कॅम्पसचा एक इंटरव्ह्यू झाला. प्रश्न होता: एसएनआर डीबीमध्ये निगेटिव्ह असू शकतो का, आणि असला तर रिसीव्हर चालेल का? मी म्हटलं, नाही, सिग्नल नॉइजखाली गेला की संपलं. तिथे माझी निवड झाली नाही. हे बोलत असताना माझ्या पर्समधल्या फोनमध्ये जीपीएस चालू होतं. जीपीएसचा सिग्नल अँटेनापाशी येतो तोच नॉइजच्या खाली बुडालेला. पण त्याचा डेटा सेकंदाला फक्त ५० बिट्स आणि त्यावर चढवलेला कोड सेकंदाला १०,२३,००० चिप्सचा (चिप म्हणजे त्या कोडचा एक तुकडा). एका बिटमागे २०,४६० चिप्स! माझ्या आठ सॅम्पलची जी बेरीज होती, तीच इथे वीस हजारांची, साधारण ४३ डीबी. चिपमागे भाव निगेटिव्ह, बिटमागे भरभक्कम पॉझिटिव्ह. आर्मस्ट्राँगने एफएममध्ये वेगळ्या वाटेने केला, तोच हा बँडविड्थचा सौदा.

जमलं तर २८ फेब्रुवारीच्या सुमारास, विज्ञान दिनाला, नारायणगावजवळच्या खोडदला जा. तिथे जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० अँटेना आहेत, प्रत्येक डिश ४५ मीटर व्यासाची. तिथे आकाशातून येणारा सिग्नल नॉइजच्या इतका खाली असतो की तासन्‌तास बेरीज करत बसावं लागतं. बेरीज हा शब्द मला त्या डिशखाली उभं राहून खरा समजला.

के.टी. लागली म्हणून हे क्षेत्र आपलं नाही असं मात्र मनात आणू नका. माझ्या दोन होत्या, आणि आज मी मोडेमच्या फिजिकल लेयरवर काम करते. अजूनही नॉइज घालणाऱ्या प्रत्येक ओळीवर मराठीत कॉमेंट टाकते: "सॅम्पलमागे". रिव्ह्यूला बसणारे बंगळुरूचे सहकारी आता तो शब्द ओळखतात.

आज रात्री एवढंच करा. क्यूपीएसके, फिल्टर नाही, सिम्बॉलमागे एकच सॅम्पल, ईबी बाय एन-नॉट ७ डीबी, १० लाख बिट्स. पावणेआठशेच्या आसपास चुका यायला हव्यात. ७२० आल्या काय, ८२० आल्या काय, चालेल. ७० किंवा ७,००० आल्या तर थांबा आणि कागद घ्या. आकडा जमला की सॅम्पल ८ करा, मॅच्ड फिल्टर लावा आणि पुन्हा मोजा. उत्तर पुन्हा पावणेआठशेच आलं पाहिजे. ते येईपर्यंत १६-क्वॅमला हात लावू नका.