मशीन शॉपमधल्या जुन्या ऑइलचं काय करायचं

पहिली गोष्ट, खराब ऑइल आणि कूलंट (मशीनवर कटिंग करताना थंड ठेवायला सोडतात ते पाणीमिश्रित द्रव) एकाच ड्रममध्ये ओतायचं नाही, बाकी सगळं नंतर. हायड्रॉलिकचं किंवा गिअरबॉक्सचं उतरवलेलं ऑइल स्वच्छ राहिलं तर री-रिफायनिंगवाला, म्हणजे जुनं तेल पुन्हा शुद्ध करणारा, उचलतो, वर पैसेही देतो, पण त्यात दोन बादल्या कूलंट पडलं की तोच ड्रम घालवायला आपल्यालाच पैसे मोजावे लागतात. आमच्याकडे नाईट शिफ्टच्या पोराने घाईत तेच केलं, सकाळी झाकण उघडलं तर आत दुधाळ चहा, अख्खा ड्रम गेला. तेव्हापासून ड्रमला कुलूप आहे आणि चावी मेंटेनन्सकडे.

ड्रमवर पिवळं लेबल लावायचं, त्यावर लाल अक्षरात 'घातक कचरा' आणि 'जपून हाताळा' असं हिंदी, इंग्रजी, मराठी तिन्हीत. भरायला सुरुवात केल्याची तारीख मात्र मार्करने ड्रमवरच मोठी लिहा, लेबल तेलाने सुटून पडतं. कारण ९० दिवसांच्या वर साठवता येत नाही, वर्षाला १० टनांपर्यंत घातक कचरा निघणाऱ्या छोट्या युनिटला बोर्डाने (राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने) मुदत वाढवून दिली तर १८० दिवस.

जागा पत्र्याखाली, खाली पक्कं कॉंक्रीट, भोवती बांध. बांधाला ड्रेनचं भोक ठेवू नका हो, पावसाळ्यात तेच भोक गटारात तेल सोडतं.

तेलकट चिंध्या वेगळ्या झाकणाच्या डब्यात. रिकामे केमिकलचे ड्रमही घातक कचराच, ते भंगारवाल्याला देऊन मोकळं व्हायचं नाही, तो गॅस कटर लावतो आणि आतल्या वाफेचा भडका उडतो.

उचलणारा बोर्डाचं ऑथोरायझेशन, म्हणजे परवानगी, असलेलाच हवा, आणि त्याच्या कागदावर आपल्या मालाची कॅटेगरी (घातक कचऱ्याच्या नियमांतला नंबर) आहे का ते स्वतः वाचा, जुन्या ऑइलची ५.१, तेलकट चिंध्यांची ३३.२, रिकाम्या ड्रमची ३३.१. गाडी निघताना मॅनिफेस्टच्या, म्हणजे मालासोबत जाणाऱ्या वाहतुकीच्या कागदाच्या, सात कॉपी होतात, पांढरी आपण बोर्डाला पाठवायची, पिवळी ड्रायव्हरची सही घेऊन आपल्याकडे ठेवायची. माल पोचला की घेणारा निळी कॉपी आपल्याला पाठवतो, ती आली नाही तर फोन करत सुटा, कारण माल मधेच कुठे रिकामा झाला तर बोर्डवाले आधी आपल्याच दारात येतात.

कचऱ्याचं रजिस्टर रोजच्या रोज भरा, नियमांतला फॉर्म ३. बोर्डाला द्यायचं वर्षाचं रिटर्न म्हणजे फॉर्म ४, ३० जूनच्या आत, आणि २९ तारखेला बोर्डाचं पोर्टल उघडून बसू नका.