महाविद्यालयाचे रेडिओ केंद्र: सुरुवातीच्या दिवसांची आखणी

महाविद्यालयात रेडिओ केंद्र काढायचे ठरले की पहिली चर्चा यंत्रसामग्रीची होते. माझ्या मते ती सर्वांत शेवटी व्हावी. रोज ठरलेल्या वेळी ऐकण्याजोगे काहीतरी तयार ठेवण्याच्या सवयीवर केंद्र तगते, आणि ही सवय परवाना हाती येण्यापूर्वीच लावून घ्यावी लागते.

शैक्षणिक संस्थांना कम्युनिटी रेडिओचे, म्हणजे आसपासच्या लोकांसाठी चालणाऱ्या छोट्या रेडिओ केंद्राचे, दार डिसेंबर २००२ च्या धोरणाने उघडले आणि १ फेब्रुवारी २००४ रोजी चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचे ‘अण्णा एफएम’ सुरू झाले. पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’ १०७.४ मेगाहर्ट्झवर ऐकू येते. अर्ज माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे करायचा असतो. फ्रिक्वेन्सी आणि मनोऱ्याची जागा यांची मंजुरी स्वतंत्रपणे मिळवावी लागते आणि या सगळ्याला महिनोन्‌महिने लागतात. हा काळ ध्वनिमुद्रणासाठी वापरावा.

शांत खोली निवडून भिंतींवर जाड गोधड्या किंवा सतरंज्या टांगाव्यात, ध्वनिमुद्रणाच्या वेळी पंखा बंद ठेवावा. माईक तोंडापासून वीतभर अंतरावर आणि किंचित बाजूला धरल्यास ‘प’, ‘फ’, ‘भ’ यांचे फटकारे येत नाहीत. निवेदकाने संहिता आधी मोठ्याने वाचून पाहावी आणि ज्या वाक्यावर श्वास अडतो ते वाक्य तोडावे. प्रत्येक विद्यार्थ्याने आठवड्याला पाच मिनिटांचा एक कार्यक्रम पूर्ण करावा: ग्रंथपालांची मुलाखत, वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातील पहाट, शेजारच्या मंडईतील भावांची चौकशी. हे कार्यक्रम मधल्या सुट्टीत ध्वनिक्षेपकावरून ऐकवावेत आणि ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यांकडे नीट पाहावे, कारण कंटाळा कुठे आला हे तिथेच कळते. असे किमान तीस कार्यक्रम साठल्याशिवाय प्रसारणाची तारीख जाहीर करू नये, असे मला मनापासून वाटते. साठा नसलेले केंद्र दुसऱ्याच आठवड्यात गाण्यांवर येऊन थांबते, आणि व्यावसायिक गाण्यांना स्वामित्वहक्काचे परवाने लागतात ते वेगळेच.

प्रक्षेपकाची शक्ती साधारणपणे १०० वॅटपर्यंत मर्यादित असल्याने आवाज काही किलोमीटरच्या परिसरातच पोहोचतो. म्हणून श्रोता कोण, हे नकाशावर वर्तुळ काढून ठरवावे: त्यात महाविद्यालयाबरोबर वस्त्या, शाळा आणि शेतेही येतील. निम्मे कार्यक्रम तरी स्थानिक पातळीवर तयार झालेले असावेत, अशी नियमाचीच अपेक्षा आहे. स्वतःच्या राजकीय बातम्या देता येत नाहीत, मात्र परीक्षा, प्रवेश, हवामान, सण-उत्सव यांची माहिती देता येते, आणि सुरुवातीला श्रोते जोडले जातात ते बहुधा याच माहितीमुळे.

पहिल्या महिन्यात प्रसारण दिवसाला दोन तासांपुरतेच ठेवावे: सकाळी एक, संध्याकाळी एक. वीज जाईल हे गृहीत धरून यूपीएस घ्यावा आणि एक राखीव कार्यक्रम वेगळ्या संगणकावर ठेवावा. प्रसारित झालेले सर्व काही तीन महिने जतन करणे बंधनकारक आहे, त्यामुळे फाइलच्या नावात तारीख आणि वेळ पहिल्या दिवसापासून लिहावी. सत्र परीक्षा जवळ येताच अंतिम वर्षाची मुले दिसेनाशी होतात. त्याआधीच प्रत्येक कामावर प्रथम वर्षाचा एक विद्यार्थी जोडीला बसवावा, आणि आठवड्यातला एक दिवस संपूर्ण केंद्र त्याच मुलांच्या हाती सोपवावे.