लेओव्हरवर नव्या क्रूकडून होणाऱ्या चुका, आणि त्या कशा टाळायच्या

पहिल्या आंतरराष्ट्रीय लेओव्हरचा, म्हणजे दोन फ्लाइटच्या मधल्या परदेशातल्या मुक्कामाचा, रोस्टर (ड्यूटीचं वेळापत्रक) हातात आला की घरात केवढा आनंद होतो, ते मला ठाऊक आहे. आई बॅगेत काय काय भरायला काढते, भाऊ फोटोंची यादी देतो, मैत्रिणी विचारतात, "मग लंडनला काय काय बघणार?" आणि आपणही विमान उतरल्यापासून पुढचे तास मोजायला लागतो. इतक्या वाजता हॉटेल, इतक्या वाजता बाहेर, मग इथे, मग तिथे.

पंधरा वर्षं केबिन क्रू म्हणून उडते आहे, आणि नव्या मुलामुलींना पहिली गोष्ट हीच सांगते, की मोजायला सुरुवात पिकअपपासून, म्हणजे विमानतळावर नेणाऱ्या बसच्या वेळेपासून, करा आणि मागे मागे या. बस हॉटेलच्या दारातून कधी निघणार, त्याआधी तयारीला किती वेळ, त्याआधी झोप किती. यातून जे उरेल ते फिरायला. पुढच्या बऱ्याच चुका हा हिशेब विमान उतरल्यापासून सुरू केल्यामुळेच होतात.

"दुसऱ्या दिवशी पिकअप संध्याकाळी आहे, दिवस आपलाच"

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून जरा सविस्तर सांगते. समजा, हिवाळ्यात लंडनला सकाळी ७ ला उतरलात. मुंबईत तेव्हा दुपारचे साडेबारा. पिकअप दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला. म्हणजे हातात दीड दिवस आहे असं वाटतं. मुलं पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत झोपून काढतात, रात्रभर जागतात, दुसऱ्या दिवशी सकाळी भटकायला निघतात, चारला हॉटेलवर येतात आणि अंघोळ करून थेट बसमध्ये बसतात.

आता हेच मुंबईच्या घड्याळाने पाहा. विमान लंडनहून रात्री ९ ला सुटलं, तर घरी पहाटेचे अडीच वाजलेले असतात. पहाटे दोन ते सहा हा शरीराचा सगळ्यात मंद काळ. लक्ष विचलित होतं, हात जड होतात, थंडी वाजते. तो अख्खा काळ तुम्ही दोनशे-तीनशे प्रवाशांबरोबर हवेत घालवणार, आणि दारं आर्म-डिसआर्म करण्याची, म्हणजे त्यांची आपत्कालीन घसरगुंडी सज्ज आणि बंद करण्याची, जबाबदारीही तुमचीच. त्यामुळे पिकअपच्या आधीची दुपारची झोप ही त्या लेओव्हरमधली सगळ्यात मोलाची गोष्ट.

मी काय करते ते सांगते. हॉटेलवर पोचल्यावर जास्तीत जास्त दीड तास झोप, तीही अलार्म लावून. मग उजेडात बाहेर पडायचं. अंगाला सूर्यप्रकाश लागला की दिवस ढकलता येतो. रात्री नऊच्या सुमारास झोपायचं. पहाटे तीनला खाडकन जाग येते, तिला घाबरू नका, कारण घरी तेव्हा सकाळचे साडेआठ झालेले असतात आणि शरीर आपलं काम बरोबर करत असतं. फोन हातात न घेता पडून राहा, पुन्हा डुलकी लागली तर उत्तमच. दुसऱ्या दिवशी सकाळी मनसोक्त फिरा, पण एकपर्यंत खोलीत परत. हलकं जेवण, पडदे बंद, आणि दोन ते पाच झोप. या वेळी झोप सहज येत नाही, कारण मुंबईची ती संध्याकाळ असते. म्हणून जेवणानंतरची कॉफी नको आणि खोली गार व काळोखी हवी. पडद्यांच्या मधली फट बंद करायला कपाटातला चिमट्याचा हँगर लावा. नुसतं डोळे मिटून पडलात तरी गॅलीत (विमानातल्या स्वयंपाकघरात) पहाटे फरक कळतो.

झोपेच्या गोळ्या मैत्रिणीकडून मागून घेऊ नका. मेलाटोनिन अमेरिकेत दुकानात सहज मिळतं, ब्रिटनमध्ये त्याला डॉक्टरांची चिठ्ठी लागते. कोणतंही औषध पहिल्यांदा घ्यायचं ते घरी, सुट्टीच्या दिवशी, आणि कंपनीच्या डॉक्टरांना विचारून. परदेशात, ड्यूटीच्या आधी तर कधीच नाही.

मार्च आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमधला अलार्म

आपल्याकडे घड्याळ बदलत नाही, म्हणून ही चूक आपल्याच लोकांकडून जास्त होते. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. ब्रिटन आणि युरोपात हेच मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतं. तुमचा लेओव्हर त्या शनिवारी रात्री असेल, तर मनगटी घड्याळावर आणि पलंगाशेजारच्या हॉटेलच्या घड्याळावर विसंबू नका. फोन आपोआप बदलतो, तेही ती सोय चालू ठेवली असेल तरच. पिकअपची वेळ यूटीसीत, म्हणजे कधीच न बदलणाऱ्या जागतिक प्रमाणवेळेत, लिहून ठेवा, रिसेप्शनला वेकअप कॉल सांगा आणि शेजारच्या खोलीतल्या सहकाऱ्यालाही सांगून ठेवा.

आईने दिलेला डबा

माझ्या दुसऱ्याच दुबई फ्लाइटला दिवाळी होती. आईने स्टीलच्या डब्यात अनारसे भरून दिले होते, सगळ्या क्रूला पुरतील इतके. ब्रीफिंग रूममध्ये मी कौतुकाने झाकण उघडलं. आमच्या सिनिअर मॅमनी एक अनारसा उचलला, उलटा केला, आणि तुपाने चिकटलेल्या खसखशीच्या थराकडे बघून म्हणाल्या, "हा डबा इथेच ठेव. ग्राउंड स्टाफला वाट. तिकडे न्यायचा नाही." संयुक्त अरब अमिरातीत खसखस अमली पदार्थांच्या कायद्यात येते हे मला माहीतच नव्हतं. आपल्या घरी ती करंजीच्या सारणात असते, अनारशावर असते, कित्येक घरांत गोड्या मसाल्यातही असते. सिंगापूरमध्येही ती आपल्या मर्जीने नेता येत नाही. म्हणून आखाती देशांच्या किंवा सिंगापूरच्या फ्लाइटला घरचा मसाला आणि फराळ नेण्याआधी आईला, सासूबाईंना एकदा विचाराच, यात खसखस आहे का? पोह्याचा चिवडा न्या, शेव न्या, बेसनाचा लाडू न्या.

औषधांचंही तसंच. खोकल्याच्या औषधात कोडीन असेल किंवा वेदनाशामक गोळीत ट्रॅमाडॉल असेल, तर अमिरातीत आधी परवानगी लागते. सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं. जपानमध्ये त्याचं प्रमाण १० टक्क्यांहून जास्त असलेलं औषध नेताच येत नाही. नेहमीची औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ठेवा. सुट्या गोळ्या डबीत भरून नेऊ नका. आणि सिंगापूर किंवा थायलंडला वेप (ई-सिगारेट) कुणाच्याही बॅगेत नको, स्वतःच्या नाही आणि कुणाची सांभाळायला घेतलेलीही नाही.

"मी तर दारू प्यायलेच नाही"

भारतीय कंपनीत असाल तर डीजीसीएचा, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाचा, नियम पाठ असेलच: उड्डाणाच्या आधी १२ तास मद्य नाही, आणि चाचणीत शून्यच दिसलं पाहिजे. परदेशातून येणाऱ्या विमानाच्या क्रूची तपासणी भारतात पहिल्यांदा उतरल्यावर होते, त्यामुळे तिकडच्या रात्रीचा हिशेब इथे द्यावा लागतो. पहिल्याच वेळी पॉझिटिव्ह आलात तर तीन महिने घरी. बारा तासांचा हिशेबही पिकअपपासून मागे करा, आणि मी तर सांगेन की २४ तासांच्या लेओव्हरवर पिऊच नका. बारा तासांत सगळं उतरतंच असं नाही. किती प्यायलात त्यावर ते ठरतं.

पण माझा जीव तुटतो तो कधीच न पिणाऱ्या मुलींसाठी. घरून पाळीच्या त्रासासाठी अशोकारिष्ट दिलेलं असतं, बाळंतपणानंतर कामावर परतलेल्या मुलीच्या बॅगेत दशमूलारिष्ट असतं. आसव आणि अरिष्ट ही औषधं आंबवूनच तयार होतात, त्यांत नैसर्गिकरीत्याच अल्कोहोल असतं. होमिओपॅथीचे काही थेंबही अल्कोहोलमध्येच केलेले असतात. माउथवॉशचं तर नियमातच नाव घेतलेलं आहे. बाटलीवरचं लेबल वाचा आणि वैद्यांना सांगा, "मी केबिन क्रूमध्ये आहे, मला बिनअल्कोहोलचा काढा किंवा गोळी द्या." ते समजून घेतात.

ट्रेमधलं सफरचंद

क्रू मीलमधलं सफरचंद, केळं, सँडविच हॉटेलवर खाऊ म्हणून बॅगेत टाकायची सवय लागते. ऑस्ट्रेलियात हे करू नका. तिथले जैवसुरक्षेचे नियम अतिशय कडक आहेत, श्वान फिरत असतात, आणि न सांगितलेल्या एका फळासाठीही जागेवर दंड होतो. अमेरिकेतही फळ किंवा मांस न सांगता नेलंत तर हजार डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. शंका आली तर लिहून द्या. जाहीर केलेली वस्तू फार तर कचऱ्यात जाते, लपवलेली तुमच्या नोकरीवर येते.

खोलीतली किटली

भत्ता वाचवायला सगळेच किटली किंवा छोटा कुकर नेतात, त्यात चूक काहीच नाही. पण "अमेरिकेत माझा कुकर बिघडला" अशी तक्रार हमखास येते. तो बिघडलेला नसतो. आपली वस्तू २३० व्होल्टची, तिथे मिळतात १२०, आणि उष्णता जेमतेम पाव राहते. जपानमध्ये १०० व्होल्ट, म्हणजे त्याहून कमी. भात शिजतच नाही. दोन्ही व्होल्टेजवर चालणारी वस्तू घ्या. उलट, तिकडे घेतलेला १२० व्होल्टचा हेअर स्ट्रेटनर मुंबईत लावलात तर क्षणात जळेल. खोलीत फोडणी मात्र देऊ नका, धुराच्या अलार्मने अख्खं हॉटेल रस्त्यावर येतं. गरम पाण्यात होणारे उपमा-पोहे पुरेसे आहेत.

रिसेप्शनवर खोलीचा नंबर कुणी मोठ्याने सांगितला, तर संकोच न करता खोली बदलून मागा. खोलीचा नंबर लिहिलेलं पाकीट आणि की-कार्ड एकत्र घेऊन फिरू नका. हॉटेलचा फोटो टाकायचाच असेल तर विमान सुटल्यावर टाका.

पैशांचं थोडक्यात. कार्ड मशीनने "रुपयांत की स्थानिक चलनात" असं विचारलं तर नेहमी स्थानिक चलन निवडा, रुपयांतला दर महाग पडतो. लंडनच्या ट्यूबला (मेट्रोला) आत जाताना जे कार्ड टेकवलं तेच बाहेर पडताना टेकवा. एकदा कार्ड, एकदा फोन असं केलंत तर दोन्हीवर जास्तीत जास्त भाडं कापलं जातं. फ्रँकफर्टला रविवारी उतरत असाल तर गावातली दुकानं बंद असतात, सामान विमानतळावर किंवा मुख्य स्टेशनवरच घ्या.

सर्दी लपवणं

"सिक केलं (आजारी असल्याचं कळवलं) तर सिनिअर काय म्हणतील" या भीतीने मुलं चोंदलेल्या नाकाने विमानात चढतात. चढताना फारसं जाणवत नाही. उतरताना केबिनचा दाब वाढतो, कानाला घशाशी जोडणारी नळी सुजेमुळे उघडत नाही, आणि पडदा आत ओढला जातो. त्या वेळच्या कळा विसरता येत नाहीत, पडदा फाटूही शकतो, आणि मग दोन दिवसांच्या रजेऐवजी आठवडेच्या आठवडे जमिनीवर बसावं लागतं. तोंड मिटून, नाकपुड्या दाबून हलकेच फुंकर मारून बघा. कान मोकळे होत नसतील तर उडू नका. हे शेड्युलिंगला (ड्यूट्या लावणाऱ्या विभागाला) पिकअपच्या वेळी कळवू नका, जितक्या लवकर कळवाल तितकं बरं. त्यांना दुसरी सोय करायला वेळ मिळतो आणि तुम्हाला डॉक्टर मिळतो.

मालदीव, मॉरिशस, फुकेतला स्कूबाचा मोह होतो. रक्तात विरलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो. एकापेक्षा जास्त डाइव्ह केल्यावर सामान्य प्रवाशालाही निदान १८ तास थांबायला सांगतात, क्रूसाठी कंपन्यांची मर्यादा बहुधा त्याहून मोठी असते. छोट्या लेओव्हरवर स्नॉर्केलिंग करा, डाइव्हिंग सुट्टीत.

मावशीचा फोन, काकांचं पाकीट

नातेवाईक प्रेमाने मागतात, नाही म्हणणं जड जातं. पण सामान्य प्रवाशाला मिळणारी कस्टमची सूट कामावरून परतणाऱ्या क्रूला नसते. चॉकलेट, चीज, सौंदर्यप्रसाधनं अशा किरकोळ भेटवस्तूंपुरतीच ती असते. नवा फोन किंवा सोन्याची साखळी त्यात बसत नाही. दुबईत कुणी "हे एवढं पाकीट अंधेरीला पोचवशील का ग?" म्हणून दिलं, तर आत काय आहे हे तुम्हाला माहीत नसतं, आणि पकडले जाता तुम्हीच. घरी एकदाच नीट समजावून सांगा, मग कुणी रागावत नाही.

तरीही काही बिनसलं तर

पासपोर्ट सापडत नसेल तर एकट्याने शोधत तासन् तास घालवू नका. आधी कॅप्टनला आणि कंपनीच्या तिथल्या स्टेशन मॅनेजरला फोन करा, मग पोलिसांत तक्रार नोंदवा, मग भारतीय दूतावास किंवा वकिलातीत जा. तिथे भारतात परतण्यापुरतं इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळतं. पासपोर्टची आणि व्हिसाची रंगीत प्रत, दोन फोटो बॅगेच्या वेगळ्या कप्प्यात ठेवले असतील तर काम बरंच लवकर होतं. आणि खोलीतल्या तिजोरीत पासपोर्ट ठेवताना युनिफॉर्मचा एक बूट त्याच्याबरोबर आत ठेवा. बुटाशिवाय कुणी खाली उतरत नाही.