मोबाईलवर साइडबार नसतो: ब्लॉगला विजेट लावताना

माझं काम नवी पेठेतल्या एका डीटीपीच्या दुकानात. लग्नपत्रिका, हँडबिलं, बिलबुकं यांचं कंपोजिंग करते आणि उरलेल्या वेळात सोलापूर बघायला येणाऱ्यांसाठी ब्लॉग लिहिते. दुकानात येणाऱ्यांपैकी बरेच जण त्यांचाही ब्लॉग दाखवतात. कुणाचा चादरी-टॉवेलांचा, कुणाचा कवितांचा, कुणाचा डाळिंबाच्या बागेचा. तक्रार बहुतेकांची सारखीच असते: लोक येतात, एक लेख वाचतात आणि निघून जातात. बाजूला तर इतकी विजेटं, म्हणजे शोधपेटी, यादी, नकाशा अशा छोट्या चौकटी लावल्या आहेत, मग थांबत का नाहीत?

मी त्यांना आधी तोच ब्लॉग मोबाईलवर उघडायला सांगते. कॉम्प्युटरवर उजव्या हाताला दिसणारी ती सजवलेली पट्टी, म्हणजे साइडबार, मोबाईलवर जागेवर नसतेच. काही थीममध्ये, म्हणजे ब्लॉगच्या तयार साच्यांमध्ये, ती तीन आडव्या रेघांच्या मेनूमागे जाते, काहींमध्ये सगळा मजकूर संपल्यावर अगदी तळाला जाऊन बसते. आपला वाचक एसटीत बसून, नाहीतर रात्री जेवणं झाल्यावर मोबाईलवर वाचतो. त्याला ती पट्टी दिसतच नाही. म्हणून विजेटाची खरी जागा लेखाच्या शेवटच्या ओळीखाली. तिथं पोचलेल्या माणसानं तुमचं सगळं ऐकून घेतलेलं असतं आणि त्याच्या मनात पुढचा प्रश्न तयार असतो. त्या प्रश्नाचं उत्तर देणारं विजेट ठेवायचं, बाकीचं काढायचं. माझा सगळा हिशेब एवढ्यावरच चालतो.

गुगलच्या ब्लॉगर या सेवेवर हे करायचं तर डावीकडच्या यादीतून ‘लेआउट’ उघडा. ‘पेज बॉडी’ नावाच्या चौकटीत ‘ब्लॉग पोस्ट’ असा ठोकळा दिसेल. ब्लॉगर विजेटाला गॅजेट म्हणतं. तिथलं ‘गॅजेट जोडा’ दाबून हवं ते निवडा, ओढून ‘ब्लॉग पोस्ट’च्या खाली आणा आणि उजव्या कोपऱ्यातलं सेव्हचं चिन्ह दाबायला विसरू नका. वर्डप्रेसवर 2021 सालच्या 5.8 आवृत्तीपासून विजेटं ब्लॉकच्या रूपात आली आहेत. जुन्या पद्धतीची थीम असेल तर ‘अपिअरन्स’मध्ये ‘विजेट्स’ सापडेल, नवी ब्लॉक थीम असेल तर ‘साइट एडिटर’मध्ये एका लेखाचा टेम्पलेट उघडून मजकुराखाली ब्लॉक टाकता येतो. थीममध्ये हात घालण्याआधी तिचा बॅकअप घ्या. ब्लॉगरमध्ये ‘थीम’ उघडून ‘कस्टमाइझ’शेजारचा बाण दाबला की ती सोय मिळते.

आता वाचकाचा प्रश्न ओळखायचा कसा? गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर अर्थात सिद्धरामेश्वरांच्या यात्रेवरचा लेख घ्या. संक्रांतीच्या सुमाराला पुण्याहून, विजयपूर-कलबुर्गीहून माणूस सोलापुरात यायला निघणार असतो. त्यानं लेखात नंदीध्वजांची मिरवणूक, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, होम मैदानावरचं शोभेचं दारूकाम, सगळं वाचलं. यानंतर त्याला कवितेचा दुवा नको असतो. मला व्हॉट्सॲपवर येणारे निरोप असे असतात: “ताई, होमच्या दिवशी गाडी कुठं लावायची?” “ताई, लहान पोरं घेऊन आलो तर कुठल्या बाजूनं उभं राहावं?” हेच प्रश्न मी वहीत उतरवून ठेवते आणि त्यावरून लेखाखाली काय लावायचं ते ठरवते. तुम्हाला निरोप येत नसतील तर गुगल सर्च कन्सोल फुकट आहे. लोक कोणते शब्द टाइप करून तुमच्यापर्यंत आले ते त्यात दिसतं.

या कामाला सर्वांत उपयोगी पडतं ते ‘फीचर्ड पोस्ट’ नावाचं गॅजेट. एक लेख तुमच्या मर्जीनं पुढं आणून ठेवायचा, एवढंच त्याचं काम. लोक ते एकदा लावतात आणि वर्षभर तसंच ठेवतात. माझ्याकडं ते ऋतूप्रमाणं बदलतं. आषाढीआधी पंढरपूरचा लेख, नवरात्रात तुळजापूरचा, कोजागरीला इथून तुळजापूरला पायी जाणाऱ्यांसाठी वाटेवरच्या सोयींचा, थंडी पडायला लागली की चादरीचा आणि हुरड्याचा, आणि डिसेंबर लागताच गड्ड्याचा. गुगलला लेख सापडायला, लोकांना बेत ठरवायला वेळ लागतो. म्हणून ज्या दिवसासाठी लेख आहे त्याच्या तीन-चार आठवडे आधी तो वर चढवा.

‘पॉप्युलर पोस्ट’च्या बाबतीत एक बारकी गोष्ट. ते गॅजेट कुठल्या काळातले लोकप्रिय लेख दाखवणार हे तुम्हाला निवडता येतं: सात दिवस, तीस दिवस, वर्ष किंवा सुरुवातीपासूनचे. सुरुवातीपासूनचे निवडले की तेच चार लेख वर राहतात, वर आहेत म्हणून त्यांनाच आणखी वाचक मिळतात आणि नव्या लेखाला तिथं शिरताच येत नाही. तीस दिवस निवडा. यादी तीन लेखांची पुरे.

शोधपेटी म्हणजे ‘सर्च बॉक्स’ मराठी ब्लॉगवर लोकांना वाटतं तेवढी कामाची नसते. ‘सिद्धेश्वर’ हा शब्द निम्मी माणसं ‘सिध्देश्वर’ असा लिहितात. चादर कुणी देवनागरीत टाइप करतं, कुणी रोमन अक्षरांत, त्यातही कुणी एक डी लावतं, कुणी दोन. ब्लॉगच्या शोधपेटीला हे सगळे एकच शब्द आहेत हे कळत नाही. ती ‘काही सापडलं नाही’ म्हणते आणि वाचक परत जातो, लेख असूनही. त्यापेक्षा ‘लेबल्स’चं गॅजेट लावा. वाचकाला टाइप करायला लावू नका, बोट ठेवायला जागा द्या. पण लेबलं नेमकी हवीत. ‘माझे विचार’, ‘इतर’, ‘सहज सुचलं’ अशा लेबलांनी परगावच्या माणसाला काही कळत नाही. माझी लेबलं अशी आहेत: एका दिवसात सोलापूर, अक्कलकोट, नान्नजचा माळरान, चादर खरेदी, खायला कुठं, हुतात्म्यांच्या जागा. त्या शेवटच्या लेबलावर माझा जीव आहे. 12 जानेवारी 1931 ला फाशी गेलेल्या मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांच्याबद्दल वाचायला येणारी शाळकरी मुलं याच वाटेनं येतात. लेबल नसतं तर ते लेख तळाशी गाडले गेले असते.

आता शेअर करायची बटणं. आपल्याकडं ब्लॉगचा प्रसार व्हॉट्सॲपवरच्या गटांतून होतो: नातेवाइकांचा गट, दहावीच्या बॅचचा गट, सोसायटीचा गट. तेव्हा दहा बटणांची रांग नको. व्हॉट्सॲप पहिलं, फेसबुक दुसरं, बस. पूर्वी अनेकांनी ‘ॲडधिस’ची बटणं लावली होती. ती सेवा मे 2023 अखेर बंद झाली. तुमच्या ब्लॉगवर तो कोड अजून असेल तर काढून टाका. ‘ॲडटूएनी’ची बटणं ब्लॉगर आणि वर्डप्रेस दोन्हीवर चालतात आणि त्यात व्हॉट्सॲप आहे.

बटण लावून काम संपत नाही, कारण बटण पाठवतं काय तर लेखाचा पत्ता, म्हणजे लिंक. वर्डप्रेसवर मराठी मथळा दिला की लिंकही मराठीत बनते आणि कॉपी होताना तिचं टक्क्यांच्या चिन्हांचं जंजाळ होतं. देवनागरीतलं एकेक अक्षर आणि एकेक मात्रा तिथं नऊ-नऊ चिन्हांची होते. ‘सोलापूर’ एवढ्या एका शब्दात चार अक्षरं आणि तीन मात्रा, म्हणजे त्रेसष्ट चिन्हं! असली लांबलचक लिंक गटात आली की निम्मे लोक ती फसवणुकीची समजून उघडतच नाहीत. ब्लॉगरवर उलट अडचण. मराठी मथळ्याची लिंक ‘ब्लॉग-पोस्ट’ आणि पुढं एखादा आकडा अशी निघते, त्यातून लेख कशाचा ते कळत नाही. दोन्हीकडं उपाय एकच. प्रकाशित करण्याआधी पर्मालिंकच्या, वर्डप्रेसवर स्लगच्या, जागी रोमन अक्षरांत दोन-तीन शब्द स्वतः लिहा: सोलापूर, गड्डा, यात्रा, मध्ये आडव्या रेघा. आधी प्रकाशित झालेल्या लेखांच्या लिंक मात्र ब्लॉगरवर बदलायला जाऊ नका. लोकांनी पाठवलेल्या जुन्या लिंक तुटतात. लेखात निदान एक ठळक, मोठा फोटो असू द्या. लिंकसोबत गटात छोटं चित्र दिसलं की माणूस उघडून बघतो.

संपर्कासाठी ब्लॉगरचं ‘कॉन्टॅक्ट फॉर्म’ गॅजेट आहे. त्यातला निरोप तुमच्या ईमेलवर येतो. दुकानदारांना मी त्याऐवजी व्हॉट्सॲपचं बटण सुचवते. डब्ल्यूए डॉट एमई, मग तिरकी रेघ, मग 91 आणि त्याला चिकटून दहा आकडी नंबर. अधिकचं चिन्ह, सुरुवातीचं शून्य, मोकळी जागा काहीही नको. ही लिंक एखाद्या चित्राला किंवा ‘चादरीचा भाव विचारा’ अशा ओळीला जोडा. घरचा नंबर मात्र देऊ नका, विशेषतः बायकांनी. वेगळं सिम घ्या आणि त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस चालवा. रात्री-अपरात्री आलेल्या निरोपाला ते ठरवून ठेवलेलं उत्तर आपोआप देतं.

नकाशा हे माझं सर्वांत लाडकं विजेट. एका जागेचा नकाशा हवा असेल तर कॉम्प्युटरवर गुगल मॅप्समध्ये ती जागा उघडा, ‘शेअर’मध्ये जाऊन ‘एम्बेड अ मॅप’मधला कोड घ्या आणि लेखाच्या एचटीएमएलमध्ये किंवा ‘एचटीएमएल/जावास्क्रिप्ट’ गॅजेटमध्ये चिकटवा. पण ज्या विषयात जागा अनेक आहेत तिथं ‘गुगल माय मॅप्स’ वापरा. सिद्धरामेश्वरांनी स्थापलेली 68 लिंगं शहरभर आहेत. यात्रेत नंदीध्वज त्यांना प्रदक्षिणा घालतात. ही यादी लेखात वाचून बाहेरच्या माणसाच्या हाती काही लागत नाही. माय मॅप्सवर एकेका लिंगाची खूण करा, खुणेला नाव द्या, जवळचा चौक कुठला, गल्ली कशी ओळखायची, दुचाकी आत जाते का ते दोन ओळींत लिहा, जमलं तर फोटो जोडा. उत्तरेकडच्या लिंगांना एक रंग, दक्षिणेकडच्यांना दुसरा, म्हणजे अर्ध्या दिवसात कुठली होतील ते दिसतं. नकाशा ‘पब्लिक’ केल्याशिवाय तो ब्लॉगवर लोकांना दिसणार नाही. मग नावाशेजारच्या तीन ठिपक्यांतून एम्बेडचा कोड घ्या. खुणा नीट जागेवर बसवायच्या तर स्वतः फिरावं लागतं, त्याला पर्याय नाही. पण असा नकाशा एकदा झाला की लोक तो लेखासकट जपून ठेवतात आणि पुढं पाठवतात. ब्लॉगचा याहून चांगला प्रचार मला माहीत नाही. एका लेखात नकाशा एकच ठेवा. तीन-तीन नकाशे टाकले की पान उघडेचना होतं.

नव्या लेखाची खबर देण्यासाठी पूर्वी गुगलच्या फीडबर्नर सेवेचं ‘ईमेलनं मिळवा’ लावायचे. त्याची ईमेल सेवा 2021 मध्ये बंद झाली, तरी ती रिकामी चौकट कितीतरी ब्लॉगांवर अजून तशीच आहे. वर्डप्रेसवर जेटपॅक या प्लगिनचं, ईमेल नोंदवून घेणारं विजेट चालतं. आपल्या वाचकाला मात्र ईमेलपेक्षा व्हॉट्सॲप चॅनेल सोपं. तिथं एका वाचकाला दुसऱ्याचा नंबर दिसत नाही, म्हणून बायाबापड्याही बिनघोर येतात.

काय काढायचं त्यात मी हयगय करत नाही. घड्याळ, पंचांगाची पट्टी, पाहुण्यांचे झेंडे मोजणारं यंत्र, आपोआप वाजणारं गाणं, गुगल प्लसचा बिल्ला, फ्लॅशमधले पोहणारे मासे. गुगल प्लस 2019 मध्ये गेलं, फ्लॅशचा आधार 2020 च्या शेवटी संपला. अनोळखी साइटवरून उचललेला जावास्क्रिप्ट कोड तर अजिबात नको. तो कोड म्हणजे तुमच्या घराची किल्ली. उद्या त्या साइटच्या मालकानं ठरवलं तर तुमचा वाचक भलत्याच पानावर जाऊन पडेल. एकेक विजेट काढून दर वेळी पानाचा वेग मोजणाऱ्या गुगलच्या ‘पेजस्पीड इनसाइट्स’वर ब्लॉगचा पत्ता टाकून बघा, मोबाईलचा निकाल वाचा. मुख्य मजकूर अडीच सेकंदांच्या आत दिसावा आणि पान उघडताना ओळी वर-खाली उड्या मारू नयेत, म्हणजे त्या उड्या मोजणारा ‘सीएलएस’ हा आकडा 0.1 च्या वर जाऊ नये, एवढं सांभाळा.

अक्षरांचंही बघा. बरीचशी विजेटं इंग्रजी अक्षरं डोळ्यांसमोर ठेवून बनलेली असतात. अरुंद चौकटीत ओळी चिकटतात, वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या मात्रा एकमेकांत अडकतात. ओळींमधलं अंतर अक्षराच्या दीडपट ठेवा, आकार 16 पिक्सेलच्या खाली नेऊ नका. मुक्ता किंवा नोटो सॅन्स देवनागरी हे फॉन्ट फुकट आहेत आणि छोट्या पडद्यावर स्वच्छ वाचता येतात.

ब्लॉगबाहेरही एक चौकट लावता येते, ती क्यूआर कोडची. मोबाईलच्या क्रोममध्ये लेख उघडून ‘शेअर’ दाबलं की तिथंच कोड तयार होतो. लॉजच्या काउंटरवर, चादरीच्या पिशवीवर, शेंगाचटणीच्या पाकिटावर तो चालतो. सगळ्या ब्लॉगचा कोड देऊ नका, त्या जागी जो माणूस उभा असतो त्याला लागणाऱ्या एका लेखाचा द्या. लॉजवर ‘एका दिवसात सोलापूर’, पिशवीवर ‘चादर कशी धुवावी’. छापताना कोड दोन सेंटीमीटरपेक्षा लहान करू नका, चारही बाजूंनी पांढरी जागा सोडा, गडद रंगाच्या कागदावर घेऊ नका, आणि गठ्ठा छापायला देण्याआधी एक प्रत काढून दोन वेगवेगळ्या फोनवर स्कॅन करून बघा.