ही टेप कुणी भरली? बीटल्सची लाइव्ह आणि न निघालेली गाणी ऐकायची रीत

बाबा मैफलींच्या टेपा जमवायचे. डोंबिवलीच्या आमच्या दोन खोल्यांत स्पूलचा एक अवजड रेकॉर्डर होता, त्यावर आईने विणलेलं क्रोशाचं झाकण असायचं. कुणी नवी टेप घेऊन आलं की बाबांचे तीन प्रश्न ठरलेले. कधीची? कुठली? कितवी कॉपी? गायलंय कोण, ते त्यांना पहिल्या षड्जातच कळायचं. मी पुढे बीटल्सच्या, म्हणजे साठच्या दशकातल्या त्या चौघांच्या इंग्लिश बँडच्या, नादी लागले, पण प्रश्न तेच ठेवले. आता शनिवारी रात्री आम्ही चौघं जमतो, एकच टेप दोनदा ऐकतो आणि मग बोलतो. नव्याने येणाऱ्याला मी जे सांगते, ते इथे लिहिते आहे.

सगळ्यात आधी एक विनंती. सुरुवात हॅम्बुर्गपासून करू नका. डिसेंबर १९६२ मधली तिथल्या स्टार-क्लबची टेप प्रसिद्ध आहे म्हणून सगळे तिच्यावर उडी मारतात. ती घरगुती ग्रुंडिग रेकॉर्डरवर, मंद वेगात, एका माइकवर भरलेली आहे. आवाज गढूळ, शब्द अर्धे गिळलेले. तिच्यातली धमक कळायला कान आधी तयार लागतात. पहिल्याच दिवशी ऐकलीत तर "बरं होतं म्हणे, पण काही कळलं नाही" एवढंच हाती लागेल.

सुरुवात स्टॉकहोमपासून करा. २४ ऑक्टोबर १९६३, स्वीडिश रेडिओ. सात गाणी, श्रोते थोडे, रेडिओचं यंत्र आणि ते चालवणारी माणसं जाणकार. यातली पाच गाणी १९९५ च्या 'अँथॉलॉजी १' या अधिकृत संचावर आहेत, त्यामुळे शोधाशोध करावी लागत नाही. "मनी" लावा आणि गाणारा जॉन लेनन सोडून फक्त ड्रम वाजवणाऱ्या रिंगोकडे कान द्या. मग तेच गाणं पुन्हा लावा आणि फक्त पॉल मॅकार्टनीची बेस गिटार ऐका. चाहत्यांच्या किंकाळ्यांनी झाकायच्या आधी ही मंडळी कशी वाजवत होती, ते इथे स्वच्छ ऐकू येतं. माझ्या मते त्यांच्या लाइव्ह टेपांत हिच्या तोडीची दुसरी नाही.

त्यानंतर हॉलिवूड बोल, लॉस एंजेलिसचं खुलं नाट्यगृह. १९६४ ची एक मैफल, १९६५ च्या दोन, तीन ट्रॅकवर घेतलेल्या. १९७७ मध्ये त्यांचे निर्माते जॉर्ज मार्टिन आणि ध्वनिमुद्रक जेफ एमरिक यांनी त्यांतून रेकॉर्ड बनवली, आणि २०१६ मध्ये मार्टिन यांचा मुलगा जाइल्सने गर्दीचा आवाज आणि वाद्यं संगणकावर वेगळी करून ती नव्याने काढली. दोन्ही ऐका, पण ध्यानात ठेवा की एका सलग मैफलीचं हे ध्वनिमुद्रण नाही, वेगवेगळ्या रात्रींची गाणी एकापुढे एक लावली आहेत. २९ ऑगस्ट १९६५ च्या रात्री तर सुरुवातीला पॉलचा माइकच नीट चालत नव्हता. "पॉलचा आवाज बसला होता" असं म्हणण्याआधी हे माहीत हवं. शिवाय तेव्हा रंगमंचावर स्वतःचा आवाज ऐकायला मॉनिटर नव्हते. चौघं एकमेकांना जवळजवळ न ऐकताच गात होते. तरीही ते एवढे सुरात आहेत, याचं मला अजून नवल वाटतं.

न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमची फिल्म मात्र लाइव्हचा पुरावा म्हणून कुणासमोर ठेवू नका. १५ ऑगस्ट १९६५, पंचावन्न हजारांवर माणसं, दृश्य डोळे दिपवणारं. पण दूरदर्शनवर दाखवायच्या आधी, ५ जानेवारी १९६६ ला, लंडनच्या एका स्टुडिओत बसून त्यांनी बराच भाग पुन्हा गायला-वाजवला. "ॲक्ट नॅचरली"ला तर सरळ रेकॉर्डवरचं गाणंच लावलंय.

खोटं लाइव्ह कसं ओळखायचं, हे मी एका कॅसेटवर शिकले. नोकरीच्या पहिल्या वर्षी फोर्टमध्ये फुटपाथवरून घेतली होती, वर मोठ्या अक्षरांत 'लाइव्ह'. घरी लावली. टाळ्या होत्या, शिट्ट्या होत्या. तिसऱ्या गाण्यापाशी बाबांनी पेपर खाली ठेवला आणि विचारलं, "हा माणूस एकटाच दोन आवाजांत कसा गातोय?" तोच तो मुद्दा. स्टुडिओत हे लोक एकाच गायकाचा आवाज दोनदा घेऊन एकावर एक बसवत. मंचावर एक गळा स्वतःची साथ करू शकत नाही. पुढचं गाणं तर हळूहळू विरत संपलं. लोकांसमोर गाणं विरत नाही, थांबतं. टाळ्या नंतर चिकटवल्या होत्या.

गाण्याचं नावसुद्धा पुष्कळ सांगतं. "एट डेज अ वीक" त्यांनी मैफलीत कधी वाजवलंच नाही. 'रिव्हॉल्व्हर' हा अल्बम ऑगस्ट १९६६ मध्ये आला, पण त्याच महिन्यातल्या अमेरिकेच्या शेवटच्या दौऱ्यात त्यातलं एकही गाणं नव्हतं. २९ ऑगस्टनंतर त्यांनी तिकीट लावून कार्यक्रम केला नाही. त्यापुढच्या कुठल्याही गाण्याचं 'कॉन्सर्ट व्हर्जन' कुणी दिलं, तर अपवाद एकच. ३० जानेवारी १९६९, लंडनमधल्या त्यांच्या ऑफिसची गच्ची, बेचाळीस मिनिटं.

आता माझा सगळ्यात आवडता भाग, सूर तपासणं. टेप सहा टक्के जलद पळाली की सूर जवळजवळ एका पट्टीने चढतो. हार्मोनियमच्या पट्ट्यांत सांगायचं तर पांढरी एक असेल तिथे काळी एक ऐकू येते, लय वाढते, गळा कोवळा वाटतो. एका १९६४ च्या टेपेवरून माझ्या मामेभावाचं आणि माझं चांगलं वाजलं होतं. त्याचं म्हणणं, उत्साहात जलद वाजवत होते. मी तानपुऱ्याचं ॲप लावलं. "आय सॉ हर स्टँडिंग देअर" रेकॉर्डवर पांढरी तीनमध्ये आहे. त्या टेपेवर ते पांढरी तीन आणि पांढरी चारच्या मधे कुठेतरी लटकत होतं, आणि पुढची सगळी गाणी तेवढीच चढलेली. उत्साहाने लय चढते, पट्टी चढत नाही.

पण एवढ्यावर निकाल देऊ नका, गिटारच चढ्या लावल्या असतील. मग विजेची घरघर शोधा. टेपेच्या तळाशी एक बारीक गुणगुण असते. अमेरिकेत ती ६० हर्ट्झवर, युरोपात ५० वर. ऑडॅसिटी या आवाज तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडून दोन गाण्यांमधला शांत तुकडा निवडा आणि आलेख काढा. अमेरिकेतल्या मैफलीत ती ६२ वर दिसली, तर टेप तीन टक्क्यांहून थोडी जास्त पळतेय. वेग तेवढा उतरवा आणि पुन्हा पट्टी ताडून बघा. आमच्या टेपेवर हेच निघालं, आणि वेग उतरवल्यावर जॉनचा आवाज जॉनसारखा वाटला. कधी दोन घरघरी दिसतात, एक पन्नासच्या आसपास, एक साठच्या. म्हणजे मूळ टेप एका खंडात भरली आणि कॉपी दुसऱ्या खंडात झाली. कितवी कॉपी, या बाबांच्या प्रश्नाचं उत्तर असं टेपेच्या पोटातून निघतं.

एक सावधगिरी. पट्टी बदलली म्हणजे टेपच बिघडली असं नाही. "यस्टर्डे" रेकॉर्डवर पांढरी चारमध्ये, पण टोकियोला १९६६ मध्ये ते पांढरी पाचमध्ये गायले. तिथे वेग उतरवलात तर बाकीची गाणी बेसूर होतील. म्हणून एका गाण्यावर कधी ठरवू नये, निदान तीन तपासावीत.

टोकियोचा विषय निघालाच आहे तर सांगते. तिथल्या बुडोकान सभागृहात तीन दिवसांत पाच कार्यक्रम झाले. चित्रण ३० जूनचं आणि १ जुलैचं आहे, आणि लोक दोन्हींची सरमिसळ करतात. पहिल्या दिवशी सूट गडद, दुसऱ्या दिवशी फिकट. ३० जूनला पॉलचा माइक स्टँडवर सारखा फिरतोय, तो गाता गाता मान वळवून त्याच्या मागे जातोय. जपानी प्रेक्षक शांत होते, त्यामुळे सुरांतल्या चुका उघड्या पडल्या. अनेक जण या टेपेला नावं ठेवतात. मला ती जवळची वाटते, कारण दमलेली माणसं कशी गातात ते इथे लपत नाही.

न निघालेल्या गाण्यांकडे वळताना तीन गोष्टी वेगळ्या ठेवा. निघालेल्या गाण्याचा दुसरा टेक (स्टुडिओत ते पुन्हा गायलेलं, वेगळं ध्वनिमुद्रण), घरी केलेला कच्चा आराखडा, आणि खरोखर कधीच न निघालेलं गाणं. वाद बहुतेक या तिन्हींच्या गोंधळातूनच होतात.

घरच्या आराखड्यांत मे १९६८ च्या ईशरच्या टेपा पहिल्या ऐकाव्यात. ऋषिकेशहून परतल्यावर बँडमधल्या जॉर्ज हॅरिसनच्या इंग्लंडमधल्या ईशरच्या घरी भरलेल्या, सत्तावीस गाणी, २०१८ मध्ये 'व्हाइट अल्बम'च्या मोठ्या संचात अधिकृतपणे आल्या. त्यात जॉनचं "चाइल्ड ऑफ नेचर" आहे, ऋषिकेशच्या वाटेवरचं. १९७१ मध्ये त्याच चालीवर त्याने वेगळे शब्द बसवले आणि "जेलस गाय" झालं. दोन्ही पाठोपाठ लावा. जॉर्जचं "नॉट गिल्टी" याच टेपेवर साधं, मऊ आहे. ऑगस्टमध्ये स्टुडिओत त्याचे टेक शंभरावर गेले, तरी ते अल्बमवर आलं नाही. त्याने स्वतःच्या रेकॉर्डवर काढलं ते १९७९ मध्ये. आणि २५ फेब्रुवारी १९६९, त्याचा सव्विसावा वाढदिवस. त्या दिवशी तो एकटा स्टुडिओत गेला आणि तीन गाणी भरली, त्यांत "समथिंग" आणि "ऑल थिंग्ज मस्ट पास". 'अँथॉलॉजी ३' वर ती आहेत. दिवे घालवून ऐका.

खरोखर न निघालेलं म्हणजे "कार्निव्हल ऑफ लाइट". ५ जानेवारी १९६७, जवळजवळ चौदा मिनिटं. त्याची बूटलेग, म्हणजे चोरून काढलेली प्रतसुद्धा बाहेर आलेली नाही. म्हणून कुणी 'अस्सल' म्हणून फाइल पाठवली तर ती बनावट समजा, वाद घालत बसू नका. हल्ली यंत्राने बनवलेली 'हरवलेली' गाणीही फिरतात. बाबांचे तीन प्रश्न विचारा. तारीख नाही, जागा नाही, पाठवणारा "मिळालं कुठूनतरी" म्हणतो, तर ती फाइल संग्रहात ठेवू नका.

बूटलेग विकत घेऊ नका, असं मी स्पष्ट सांगते. बीबीसीची गाणी, ईशर, गच्ची, सगळं आता रीतसर मिळतं. बीबीसीवर त्यांनी १९६२ ते १९६५ मध्ये ८८ वेगवेगळी गाणी वाजवली, त्यांतली बरीच त्या काळात रेकॉर्डवर आलीच नाहीत. बीबीसीने पुष्कळ टेपा पुसून पुन्हा वापरल्या. काही गाणी वाचली ती घरी रेडिओसमोर रेकॉर्डर लावून बसलेल्या श्रोत्यांमुळे. आमच्या घरी आकाशवाणीचं रात्रीचं संगीत असंच भरलं जायचं, दाराची कडी लावून, कुणी खोकू नये म्हणून.

मुंबईचा एक धागाही आहे. जानेवारी १९६८ मध्ये जॉर्ज 'वंडरवॉल' या चित्रपटाचं संगीत करायला मुंबईत आला, फोर्टमध्ये फिरोजशहा मेहता रोडवरच्या एचएमव्हीच्या स्टुडिओत. एचएमव्हीच्या भास्कर मेनन यांनी त्याच्यासाठी दोन ट्रॅकचं यंत्र कलकत्त्याहून मागवलं. खोली ध्वनिरोधक नव्हती, आणि नीट ऐकलं तर टॅक्सी ऐकू येतात, असं जॉर्जच सांगायचा. "द इनर लाइट"ची वाद्यं तिथेच भरली, गळा नंतर लंडनला. त्याचा फक्त वाद्यांचा दुसरा टेक २०१४ च्या 'वंडरवॉल'च्या नव्या आवृत्तीत आहे. त्या रस्त्यावरून मी कित्येक वर्षं ऑफिसला गेले. तो टेक हेडफोनवर ऐकावा, बासरी कुठे श्वास घेते ते लक्षात ठेवावं, आणि मग गाण्यात तीच जागा शोधावी.

शेवटी नोंद. आमच्याकडे प्रत्येक टेपेमागे एक ओळ असते: शहर, जागा, तारीख, दुपारचा की रात्रीचा खेळ, कुठून भरली (मिक्सरवरून, रेडिओवरून की प्रेक्षकांतून), वेग दुरुस्त केला असेल तर किती, आवाज यंत्राने वेगळे केले असतील तर तसं. दुरुस्त केलेली फाइल मूळ फाइलवर कधी चढवू नका, दोन्ही ठेवा. एमपीथ्री फाइल फ्लॅक (आवाज न गमावता साठवायचा फाइल प्रकार) करून पुढे देऊ नका, गेलेलं परत येत नाही आणि पुढचा माणूस फसतो.

कँडलस्टिक पार्कच्या टेपेची आमची ओळ अशी: 'सॅन फ्रान्सिस्को, २९ ऑगस्ट १९६६, रात्र, मैदानावरून, कॅसेट, टोनी बॅरो.' बॅरो त्यांचा प्रसिद्धी अधिकारी, पॉलच्या सांगण्यावरून त्याने हातातल्या छोट्या रेकॉर्डरवर ती भरली. कॅसेटची बाजू संपली आणि शेवटचं गाणं, "लाँग टॉल सॅली", मध्येच तुटलं. तुमच्याकडच्या फाइलमध्ये ते गाणं शेवटपर्यंत वाजत असेल, तर तो तुकडा कुणीतरी दुसरीकडून आणून जोडला आहे. तसं ओळीत लिहून ठेवा.