आजारपणानंतर, दुःखानंतर पुन्हा मैदानावर कसं यावं

हृदयविकाराचा झटका येऊन गेला, बायपास झाली किंवा घरातलं माणूस गेलं, की सगळ्यात आधी सुटतो तो खेळ. औषधं नेमाने चालतात, नोकरीही सुरू होते. संध्याकाळचं मैदान मात्र कायमचं तुटतं. रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठल्याही वाडीत विचारा, असा एखादा जुना खेळाडू सापडेल. त्याने परत यावं आणि जीव सांभाळून यावं, यासाठी हे लिहितोय.

१. डॉक्टरांना नेमकं विचारा

‘खेळू का?’ असं विचारलंत तर ‘हलका व्यायाम करा’ एवढंच उत्तर मिळेल. त्याऐवजी सांगा, ‘मी अंडरआर्म क्रिकेट खेळतो, त्यात एकदम धाव घ्यावी लागते, चालेल का, कधीपासून?’ ट्रेडमिल टेस्ट (सरकत्या पट्ट्यावर चालवून हृदय तपासणं) करायची का, तेही विचारा. बायपासनंतर छातीचं हाड जुळायला साधारण तीन महिने लागतात. तोवर गोलंदाजी, पोहणं, भरलेली कळशी उचलणं बंद. अँजिओप्लास्टीनंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या बरेच महिने चालतात. त्या चालू असताना कबड्डीच्या पकडीत आपटलात तर आत रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून कबड्डी थांबवा, गोळ्या नाही.

२. चालायला लागा, पण भरती-ओहोटी बघून

सुरुवात सपाटीवरच्या दहा मिनिटांनी करा. समुद्र जवळ असेल तर ओली, घट्ट वाळू उत्तम. कोरड्या भुसभुशीत वाळूत त्याच अंतराला दुप्पट किंवा त्याहून जास्त ताकद लागते आणि धाप कधी लागली ते कळतही नाही. आपल्याकडचा जुना हिशोब इथे कामाला येतो: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरती साधारण किती वाजता ते कळतं. अष्टमीला सकाळी सहाच्या सुमारास पाणी वर असतं, म्हणजे पायाखाली नुसती मऊ वाळू. पुनवेच्या-अवसेच्या आसपास पहाटे ओहोटी असते, तेव्हा भाट्ये किंवा गुहागरचा किनारा चालायला मोकळा मिळतो. चालायच्या वेळी भरती असेल त्या दिवसांत सरळ रस्त्याने चाला. पाखाडीची, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेची, चढण नंतर, सपाटीवर अर्धा तास सहज जमायला लागल्यावर.

३. श्वास मोजा, घड्याळ नको

चालताना सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. बोलता येतं पण गाता येत नाही, इथवर ठीक. दोन शब्दांवर दम तुटत असेल तर वेग कमी करा. झटक्यानंतर अनेकांना बीटाब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके संथ ठेवणाऱ्या, गोळ्या असतात, त्यांनी नाडीच फारशी वाढत नाही. मनगटावरच्या घड्याळातला आकडा ‘अजून पळ’ म्हणत राहील, त्याचं ऐकू नका.

आपली हवा दमट, घाम वाळत नाही. रक्तदाबाची किंवा लघवी वाढवणारी गोळी असेल तर चक्कर लवकर येते, म्हणून मार्च ते मे उन्हं उतरल्याशिवाय मैदानावर जाऊ नका. मीठ-पाणी मोजून घ्यायला सांगितलं असेल तर कोकम सरबतही विचारूनच प्या.

छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, थंड घाम, डोळ्यांपुढे अंधारी: यातलं काहीही झालं तर जागीच बसा आणि १०८ लावायला सांगा. इथे मोठं रुग्णालय लांब असतं. ‘पित्त असेल’ म्हणत घरी जाण्यात वेळ घालवू नका.

४. खेळायच्या आधी मैदानावर जाऊन बसा

ही पायरी सगळ्यांत महत्त्वाची, विशेषतः ज्यांच्या घरात मृत्यू झालाय त्यांच्यासाठी. तेरावं होतं, पाहुणे जातात, घर खायला उठतं. त्यात वर्ष सरेपर्यंत सणवार नाहीत. अशात कुणी बॅट घेऊन निघाला की ‘घरात एवढं झालं आणि हा खेळायला चालला’ असं ऐकावं लागतं. बाई असेल तर आणखी जहरी. मला हे मान्य नाही. सण टाळणं समजू शकतं; पण खेळ हा सण नव्हे, ती शरीराची आणि मनाची गरज आहे. आठवड्यातले दोन वार ठरवा, एका मित्राला घरी न्यायला यायला सांगा आणि जा. धावफलक लिहा, पंचगिरी करा, पोरांना झेल शिकवा. रडू आलं तर येऊ दे. झोप उडाली, जेवण तुटलं, जगणं नकोसं वाटलं तर मात्र खेळावर भिस्त नको, डॉक्टरांकडे जा.

५. मग खेळ, जुना किंवा नवा

आधी झेलांचा सराव, मग एखादं षटक, मग मित्रांतला सामना. प्रत्येक टप्प्याला काही आठवडे द्या. स्पर्धा सर्वांत शेवटी, कारण रात्रीच्या सामन्यात गाव ओरडायला लागलं की माणूस झेपत नसलेली दुसरी धाव काढतो. कर्णधाराला आधीच सांगून ठेवा.

जुना खेळ जमणारच नसेल तर दुसरा धरा. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलं, तेव्हा ते पोहण्याकडे वळले आणि १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक त्यांनी जिंकलं.

पावसाळ्यात पाखाड्या शेवाळतात, मैदानात चिखल. तेव्हा पडवीत येरझाऱ्या, शाळेच्या हॉलमध्ये बॅडमिंटन. चार महिन्यांचा खंड पडला तर गणपतीनंतर पुन्हा दुसऱ्या पायरीपासून चढा. आणि मैदानावर जाताना खिशात एक चिठ्ठी ठेवा: आजार, चालू गोळ्या, घरचा फोन नंबर. छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायची गोळी दिली असेल तर तीही. कुठल्या खिशात आहे ते यष्टिरक्षकाला माहीत असू दे.