किरायाच्या घरातला एसी : या चुका टाळा

मार्च संपत आला की आमच्या नागपूरच्या त्रिमूर्तीनगरात एकच भांडण घरोघरी ऐकू येतं : एसी थंड करत नाही, पैसे कोण देणार? मी आज घरमालक आहे, पण त्याआधी नऊ वर्षं किरायेदार होतो. त्यामुळे दोन्हीकडचा वेडेपणा मला चांगला ठाऊक आहे, माझ्या स्वतःच्यासकट.

सगळ्यात महाग चूक म्हणजे हिवाळ्यात घर घेताना एसी चालवून न पाहणं. रिमोट दाबला, पातं हललं, की झालं, 'एसी चालू आहे'. अहो, नुसता पंखाही तेवढं करतो! डिसेंबरात खोलीच विशीच्या आसपास असते. २४ वर लावला तर कॉम्प्रेसर सुरूच होणार नाही. १६ वर लावा, वीस मिनिटं थांबा, बाहेरच्या युनिटसमोर हात धरून गरम हवा येते का पाहा. घाईत किल्ली घेणाऱ्याला मी हे सांगतो तेव्हा तो घड्याळ बघत असतो.

मीही एकदा असाच घाईत होतो. डिसेंबरात एका तरुण जोडप्याला फ्लॅट दिला, रिमोट दाखवला, मोकळा झालो. एप्रिलात गरम हवा. मेकॅनिक आला, 'गॅस संपली' म्हणाला, भरून गेला. बारा दिवसांनी पुन्हा तेच, मग तिसऱ्यांदा. पोराचा फोन, "काका, तिन्ही बिलं किरायातून कापतो." मी म्हटलं, वापरला कोणी? पंधरा दिवस जिन्यात भेटलो तरी बोलणं नाही. शेवटी एक म्हातारा मेकॅनिक आणला. त्यानं जोडांवर साबणाचा फेस लावला आणि बाहेरच्या युनिटच्या नटापाशी बुडबुडे आले. "गॅस काय पेट्रोल आहे का बापा, संपायला? गळते ते पाह्यल्याबिगर भरली काहून?" नोव्हेंबरात हाच एसी बेडरूममधून हॉलमध्ये मीच हलवला होता, सगळ्यात स्वस्त माणसाकडून. तिन्ही बिलं मी दिली.

तेव्हापासून माझा नेम असा : गळती शोधल्याशिवाय आणि व्हॅक्यूम केल्याशिवाय, म्हणजे पंपानं नळ्यांतली हवा ओढून काढल्याशिवाय, गॅस भरू द्यायची नाही. 'टॉप-अप करून देतो' म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवायचं.

दुसरी चूक, करारात एसीबद्दल एक शब्दही नसणं. मी अर्धं पान लिहितो. मॉडेल क्रमांक आणि किल्ली देतानाचा फोटो त्यात असतो. फेब्रुवारीतली सर्व्हिसिंग आणि फिल्टर किरायेदाराकडे. कॉम्प्रेसर, पीसीबी (आतलं इलेक्ट्रॉनिक कार्ड), कॉइल, गळती माझ्याकडे. हरवलेला रिमोट ज्यानं हरवला त्याच्याकडे. दुसऱ्यांची वाटणी वेगळी असू शकते, पण लिहिलेली असावी. आणि '११ महिन्यांचा तर करार, नोंदणी कशाला' म्हणणाऱ्या घरमालकांनी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम ५५ वाचावं. करार लेखी करून नोंदवणं ही घरमालकाचीच जबाबदारी आहे. तो नसेल, तर अटींबद्दल किरायेदार जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं.

बाकीच्या चुका थोडक्यात. सिमेंट रोडच्या कामाची धूळ उडत असते, तेव्हा फिल्टर दर पंधरवड्याला नळाखाली धुवा. कॉइलवर बर्फ जमला की मेकॅनिकला फोन करण्याआधी फिल्टरच बघा. आतल्या युनिटमधून पाणी टपकलं तर बहुतेक वेळा निचऱ्याची नळी तुंबलेली असते, एसी बिघडलेला नसतो. विचारल्याशिवाय भिंतीला भोक पाडू नका. किराया परस्पर कापू नका, आधी लेखी कळवा.

नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या नऊ तापत्या दिवसांत, मेकॅनिक चार दिवसांनंतरची वेळ देतो, तेव्हा त्याच्यावर ओरडून काही होत नाही. तोवर कूलर लावा, वाळ्याच्या ताट्या ओल्या ठेवा, खिडकी उघडी ठेवा. फक्त एसी सुरू झाल्यावर कूलर बंद करा. दोन्ही एकत्र चालवणारे मी पाहिले आहेत : कूलर हवेत पाणी घालतो, एसी ते काढत बसतो आणि मीटर पळत राहतं.